गुलमर्गला जाताय? आधी श्वासाचं वेळापत्रक आखा



रायपुरात एप्रिल लागला की आमच्या संध्याकाळच्या कट्ट्यावर एकच प्रश्न असतो, "यंदा कुठे?" पारा ४४ ला टेकलेला आणि कूलर गरम हवा फेकतोय, अशा वेळी माणसाला बर्फच आठवणार. गेल्या काही भागांनंतर नागपूर, इंदूर, बेळगाव, हैदराबादहूनही बऱ्याच जणांनी विचारलं, "साहेब, गुलमर्गचं सांगा. घरात म्हातारी माणसं आहेत, नेऊ का?"

न्या, जरूर न्या. पण हॉटेल आणि तिकिटांच्या आधी एका गोष्टीचा हिशेब करा. ती गोष्ट म्हणजे उंची. आज बोलायचंय ते त्यावरच, आणि सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी मी ताईला आणि भाऊजींना गुलमर्गला घेऊन गेलो. भाऊजी तेव्हा ६९ वर्षांचे, बीपीची गोळी चालू. सकाळी रायपूरहून विमान, दिल्लीला बदल, दुपारी श्रीनगर आणि संध्याकाळी थेट गुलमर्ग. दुसऱ्या दिवशी सकाळी गोंडोलाच्या दोन्ही टप्प्यांची तिकिटं हातात होती. वर अफरवटला पोचलो. ताई बर्फ बघून हरखली आणि भाऊजी एका दगडावर बसले. "मला जरा बसू दे रे," एवढंच म्हणाले. ओठ निळसर पडलेले, बसल्या जागी धाप. मी दुसऱ्या मिनिटाला त्यांना परतीच्या डब्यात बसवलं. खाली टंगमर्गला येईपर्यंत चेहऱ्यावर रंग परतला. डॉक्टरांनी तपासलं, सुदैवाने पुढे काही झालं नाही. पण रात्री ताई म्हणाली, "जवानांना सहा-सहा दिवस द्यायचास ना? मग तुझ्या भाऊजींना एक रात्र?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

वर नेमकं काय होतं?

लोक म्हणतात, वर ऑक्सिजन कमी असतो. तसं पाहिलं तर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच असतं, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे प्रत्येक श्वासात आत येणारा ऑक्सिजन कमी पडतो.

आता आकडे बघा. रायपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम हजार फुटांवर आहे. श्रीनगर सुमारे ५,२०० फूट, गुलमर्ग ८,७००. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला सोडतो, ते साधारण १०,००० फूट. दुसरा टप्पा अफरवटला, ते १३,००० फुटांच्या घरात. गुलमर्गला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीच्या आसपास असतो, अफरवटला ६० टक्क्यांच्या थोडा वर. डब्यात बसल्या बसल्या वीस-पंचवीस मिनिटांत आपण चार हजार फूट चढतो. पाय दुखत नाहीत, म्हणून शरीराला काही कळलं नाही असं वाटतं. फुप्फुसांना आणि हृदयाला मात्र सगळं कळतं.

फौजेत याचा नियम ठरलेला आहे. ९,००० ते १२,००० फुटांवर जाणाऱ्या जवानाला सहा दिवस सवय होऊ देतात. त्यात पहिले दोन दिवस नुसता आराम, मग हळूहळू चालणं, मग थोडी चढण. त्याच्या वर १५,००० फुटांपर्यंत आणखी चार दिवस, आणि त्याहून वर पुन्हा चार. हा नियम पंचविशीतल्या, रोज सकाळी धावणाऱ्या पोरांसाठी आहे. याच गुलमर्गला डिसेंबर १९४८ मध्ये फौजेची स्की शाळा सुरू झाली. तीच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल म्हणून नावारूपाला आली. डोंगराशी घाई करायची नाही, हा तिथला पहिला धडा.

आपल्याला तिथे लढायचं नाही, तासाभरात खाली यायचंय. बहुतेक निरोगी माणसांना एवढ्यात काही होत नाही, हेही खरं. पण घरातलं सगळ्यात अशक्त माणूस कोण, हे पाहून बेत आखायचा असतो. पलटणीची चाल सगळ्यात मागच्या माणसावरून ठरते.

सहा दिवसांचा बेत

पहिला दिवस: श्रीनगरला पोचा आणि तिथेच राहा. दल सरोवराच्या काठी बसा, कहवा प्या, लवकर झोपा.

दुसरा दिवस: श्रीनगरच. निशात, शालिमार बागा, हळू चाल.

तिसरा दिवस: गुलमर्ग. श्रीनगरहून अंतर सुमारे ५० किलोमीटर. दुपारपर्यंत पोचा आणि त्या दिवशी गोंडोलाचं नाव काढू नका. कुरणात फेरफटका मारा.

चौथा दिवस: सकाळी फक्त पहिला टप्पा. कोंगडोरीला तास-दीड तास बसून बघा, कोणाला कसं वाटतंय.

पाचवा दिवस: दुसरा टप्पा, तोही ज्यांना काल काहीच त्रास झाला नाही त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी खाली उन्हात खुर्ची टाकून बसावं, त्यात कमीपणा नाही. हवा बिघडली तर हाच तुमचा राखीव दिवस.

सहावा दिवस: परत श्रीनगर.

गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन आणि आधी काढावी लागतात, म्हणून दुसऱ्या टप्प्याचं तिकीट काढतानाच पाचव्या दिवसाचं काढा. वारा वाढला की गोंडोला थांबवतात, तेव्हा कर्मचाऱ्यांशी वाद घालू नका. जून २०१७ मध्ये जोराच्या वाऱ्यात झाड कोसळून एक डबा खाली आला आणि सात माणसं गेली.

निघण्याआधी डॉक्टरांकडे

हृदयविकार, दमा, न आटोपणारं बीपी, गर्भारपण यांपैकी काही असेल तर जायचं की नाही हे डॉक्टरांना विचारा, माझ्यासारख्याला नको. आणखी एक गोष्ट खास आपल्या पट्ट्यासाठी. छत्तीसगढ आणि विदर्भात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. ज्यांना हा आजार आहे त्यांना उंचीवर दुखण्याचा झटका येऊ शकतो. जे नुसते वाहक आहेत, ज्यांना खाली कधी काही होत नाही, त्यांच्याही प्लीहेला उंचीवर इजा होऊ शकते. रक्ताची साधी तपासणी करून घ्या. वर गेल्यावर डाव्या बरगडीखाली जोरात दुखलं तर ते पोटदुखीवर ढकलू नका.

डायमॉक्सची गोळी कोणीतरी सांगितली म्हणून घेऊ नका. ती सगळ्यांना चालत नाही, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊच नये.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही पहिली घंटा. तिथे थांबा, आणखी वर जाऊ नका. बसल्या जागी धाप, सततचा खोकला, चालताना तोल जाणं, बोलणं असंबद्ध होणं ही शेवटची घंटा. तेव्हा औषध एकच, ताबडतोब खाली उतरणं. सकाळची वाट बघायची नाही. पहिले दोन दिवस दारू पूर्ण बंद, पाणी भरपूर. रायपूरच्या उन्हातून निघताना शरीर आधीच सुकलेलं असतं, हे विसरू नका.

बाकीच्या कामाच्या गोष्टी

दुर्गहून रायपूरमार्गे जम्मूकडे थेट गाड्या आहेत. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारतही धावते, चिनाबवरच्या ३५९ मीटर उंच पुलावरून. वेळ असेल तर मी रेल्वेच सांगेन. शरीरालाही उसंत मिळते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी करा.

आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. घरातला एक तरी फोन पोस्टपेड हवा. औषधं हातातल्या पिशवीत, चार दिवसांची जास्त. मे महिन्यातही रात्री गारठा असतो, लोकरीचं एक जोड आणि टोपी लागतेच. श्रीनगरहून परतीचं विमान असेल तर तीन तास आधी निघा, तिथे तपासण्या बऱ्याच आहेत.

आता मनातलं एक. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरणमध्ये २६ माणसं मारली गेली. त्यात महाराष्ट्रातले होते, आपल्या रायपूरचेही एक होते. जावं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी एवढंच सांगेन की निघण्याच्या आठवड्यात प्रशासनाच्या सूचना वाचा आणि जी जागा पर्यटकांसाठी उघडलेली नाही, तिथे कोणी घोडेवाल्याने कितीही आग्रह केला तरी जाऊ नका.

पुढच्या वर्षी भाऊजींना पुन्हा नेलं. या वेळी वरचाच बेत केला. ते अफरवटला गेले नाहीत. कोंगडोरीला बाकावर बसून दोन कप चहा प्याले आणि समोरची शिखरं बघत राहिले. घरी आल्यावर कट्ट्यावर सगळ्यांना सांगत होते, "मी गुलमर्ग पाहिलं." पहिल्या खेपेबद्दल त्यांनी असं कधीच म्हटलं नव्हतं.

तुमच्या घरातल्या मागच्या माणसाची चाल आधी ओळखा, मग तिकिटं काढा. जय हिंद!