ओल्या बोटांखालचे बटण

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. माझ्याकडे अनेक वर्षे येणारे एक निवृत्त शिक्षक रक्तशर्करेचा अहवाल घेऊन आले. औषधे नियमित, पथ्य चोख. तरीही साखर चढतीच होती. तोंड तपासले, तर हिरड्या सुजलेल्या आणि जरा स्पर्श होताच रक्त येणाऱ्या. हिरड्यांचा दाह आणि मधुमेह एकमेकांना पोसतात. एक बिघडला की दुसऱ्याला आवरणे कठीण होते. अंगठ्याच्या सांध्याची झीज झाल्यामुळे गुरुजींना साधा ब्रश नीट फिरवता येत नसे. म्हणून मुलाने त्यांना विजेवर चालणारा ब्रश आणून दिला होता.

“गुरुजी, तो ब्रश वापरता ना?” मी विचारले.

ते क्षणभर गप्प राहिले. “खरं सांगू का डॉक्टर? त्याचं बटण दाबलं की अंगठ्यातून कळ जाते. ओल्या हातानं तर ते दबतच नाही. मुलानं हौसेनं आणलाय, त्याला कसं सांगायचं? मी आपला बोटानंच दात घासतो.”

पुढच्या खेपेस त्यांनी तो ब्रश आणला. बटण लहान, कठीण आणि पृष्ठभागाच्या आत दबलेले होते. त्याच्याभोवतीच्या खाचेत काळपट मळ साचला होता. उत्तम यंत्र त्या चिमुकल्या बटणापाशी येऊन निरुपयोगी झाले होते. दात घासण्याचा ब्रश, दाढीचा ट्रिमर, पाण्याच्या धारेने दातांच्या फटी साफ करणारे उपकरण, अशा वस्तू आता घरोघरी येत आहेत. त्या घेताना आपण किंमत पाहतो, बॅटरी किती चालते ते पाहतो. बटण मात्र पाहत नाही. ते पाहण्याची सवय लागावी, एवढ्यासाठी हा लेख.

पाणी शिरते कोठून?

अशा उपकरणाचे कवच अखंड असते, पण बटण हलावे लागते. जेथे काही हलते, तेथे फट संभवते. म्हणून चांगल्या रचनेत बटण म्हणजे वेगळा तुकडा नसतो. कवचाला सर्व बाजूंनी घट्ट जोडलेला लवचीक पडदा असतो आणि खरी कळ त्या पडद्याखाली कोरडी राहते.

खोक्यावर ‘आयपीएक्स’ या अक्षरांपुढे एक अंक छापलेला असतो. ४ म्हणजे कोणत्याही दिशेने उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण. ७ म्हणजे सुमारे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडवून घेतलेली चाचणी. मात्र ही चाचणी साध्या पाण्यात होते, आणि पाण्याच्या व उपकरणाच्या तापमानात ५ अंशांहून अधिक फरक ठेवला जात नाही. आपल्या न्हाणीघरात साबण असतो, कढत पाणी असते. साबणाचे पाणी साध्या पाण्यापेक्षा बारीक फटीत सहज झिरपते. गरम झालेले उपकरण थंड पाण्यात टाकले, तर आतील हवा आकसते आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाते. शिवाय तो अंक नव्या वस्तूचा असतो. वर्षभर रोज दाबल्या गेलेल्या बटणाचा नव्हे.

पदार्थांची पारख

अशा बटणांसाठी सर्वांत भरवशाचा पदार्थ सिलिकॉन. तो उकळते पाणी सोसतो, साबणाने खराब होत नाही, वर्षानुवर्षे लवचीक राहतो आणि त्वचेला सहसा त्रास देत नाही. त्याचे दोष दोन. नख किंवा टोकदार वस्तू लागून एकदा चीर पडली की ती चटकन वाढते. केसांच्या सीरममध्ये किंवा काही क्रीममध्ये द्रवरूप सिलिकॉन असते. ते मुरल्यास बटण फुगू शकते.

दुसरा पदार्थ थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमर, म्हणजेच टीपीई. हाताला तो सिलिकॉनसारखाच मऊ लागतो आणि स्वस्त पडतो. परंतु त्याचे अनेक प्रकार तेल शोषतात. आपल्याकडे डोक्याला खोबरेल आणि अंगाला तिळाचे तेल चोळून मग स्नान करण्याची रीत आहे. त्याच तेलकट हातांनी ट्रिमर धरला, तर काही महिन्यांत असे बटण चिकट होऊन सैल पडू शकते. चिकट झालेले बटण कितीही पुसले तरी पूर्ववत होत नाही.

एबीएस हे कठीण प्लास्टिक मजबूत असते, पण त्याचे बटण स्वतः लवत नाही. त्यामुळे भोवती फट ठेवून आत वेगळे रबरी कडे बसवावे लागते. त्या फटीत मळ साचतो. नखांचा रंग काढण्याच्या द्रवातील अ‍ॅसिटोनने हे प्लास्टिक विरघळते, हेही ध्यानात असावे.

धातूचा मुलामा दिलेली बटणे दिसतात देखणी. ज्यांना खोट्या दागिन्यांनी कान किंवा मनगट खाजते, त्यांना बहुधा निकेलची अ‍ॅलर्जी असते. क्षणभराच्या स्पर्शाने सहसा काही होत नाही. पण मुलामा उडू लागला आणि अंगठ्यावर इसब दिसू लागला, तर संशय बटणावरही घ्यावा. केवळ स्पर्शाने चालणारी, न दबणारी बटणे पाण्याला चांगली अडवतात. परंतु ओल्या बोटांनी वा पाण्याच्या थेंबांनी ती गोंधळतात.

हात कोणाचा?

पडदा जितका जाड, तितका तो टिकाऊ. पण तितकाच जोर अधिक लागतो. अंगठ्याच्या टोकावर दिलेला दाब त्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर कित्येक पटींनी पडतो. म्हणून तरुणाला जे बटण सहज वाटते, ते संधिवाताच्या रुग्णाला शिक्षा वाटते. मधुमेहाने बोटांची संवेदना मंदावलेल्यांना बटण दबले की नाही हेच कळत नाही. त्यांच्यासाठी स्पष्ट ‘टक्’ आवाज वा जाणवणारा झटका हवा. अधू दृष्टीच्या माणसासाठी बटण उंचावलेले आणि शेजारच्या भागाहून वेगळ्या रंगाचे असावे.

त्यामुळे खरेदीला जाताना ज्याच्यासाठी घ्यायचे, त्यालाच सोबत न्यावे. त्याने अंगठा ओला करून, डोळे मिटून, कमी जोराच्या हाताने बटण पाच वेळा दाबून पाहावे. कळ आली किंवा बोट घसरले, तर ते उपकरण कितीही नामांकित असो, आपले नव्हे. बटणाच्या कडेवरून नख हलकेच फिरवावे. खोल खाच लागली, तर तेथे मळ बसणार हे निश्चित.

निगा

वापरानंतर बटणाभोवतीचा भाग कोमट पाणी व सौम्य साबणाने मऊ ब्रशने धुवावा, पुसावा आणि उपकरण हवेशीर जागी उभे ठेवावे. ओलसर खाचेत दिसणारा गुलाबी बुळबुळीतपणा जिवाणूंचा आणि काळे ठिपके बुरशीचे असतात. बोअरवेलच्या जड पाण्याने पांढरे क्षार बसले, तर पातळ व्हिनेगरचा बोळा काही मिनिटे ठेवून धुऊन टाकावे. सुईने किंवा चाकूने खरवडू नये. चार्जिंग न्हाणीघराबाहेर आणि उपकरण पूर्ण कोरडे झाल्यावरच करावे.

पडद्याला चीर पडली, बटण आत रुतून बसले किंवा उपकरण आपोआप सुरू होऊ लागले, तर पाणी आत गेले असे समजावे. चिकटपट्टी लावून ते वापरत राहू नये आणि चार्जिंगला तर मुळीच लावू नये. ओली झालेली लिथियम बॅटरी तापून पेट घेऊ शकते.

गुरुजींच्या मुलाला मी फोन केला. तो खजील झाला, म्हणाला, “बाबा काही बोललेच नाहीत.” त्याने त्यांना दुकानात नेले. त्यांनी स्वतः दाबून पाहून रुंद, उंच, सिलिकॉनच्या बटणाचा ब्रश निवडला. दातांच्या डॉक्टरांकडून हिरड्यांची सफाईही करून घेतली. काही आठवड्यांनी ते आले, तेव्हा हिरड्यांतून रक्त येणे थांबले होते. साखरेशी लढाई अजून चालू आहे, पण त्यातला एक शत्रू कमी झाला आहे.

आज घरी गेल्यावर आपल्या आईवडिलांना एवढेच विचारा: आम्ही दिलेली वस्तू तुम्हाला वापरता येते ना? उत्तरासाठी थोडे थांबा. ते लगेच सांगणार नाहीत.