लबाड लापँची लुइझियाना

अमेरिकेत लुइझियानाच्या दलदलीत तरस औषधालाही सापडणार नाही, पण तिथल्या पोरांच्या गोष्टींत तो ठाण मांडून बसलाय! नाव बुकी, मूळ गाव सेनेगल. वोलोफ लोकांच्या गोष्टींत चलाख ससा या हावरट तरसाला हातोहात फसवतो. अठराव्या शतकात गुलाम करून जहाजांत कोंबलेल्या माणसांनी या गोष्टी लुइझियानात आणल्या. तिथे सशाला लापँ हे फ्रेंच नाव मिळालं, बुकी मात्र बुकीच राहिला. पण तरस पाहिलाय कोणी? मग कुणी त्याला लांडगा करतं, कुणी नुसताच एक बावळट प्राणी. ज्यांचं सर्वस्व हिरावलं, त्यांचा ससा तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या केजन शेतकऱ्यांच्याही घराघरांत पोचला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

लापँची लोण्याची गोष्ट ऐकाच. दोघांचं सामाईक लोणी. कामाच्या ऐन मध्यात लापँ ‘बारशाला बोलावलंय’ म्हणत सटकतो. परतल्यावर बुकी विचारतो, बाळाचं नाव काय ठेवलं? ‘सुरुवात!’ दुसऱ्या बारशाचं बाळ ‘अर्धं’. तिसऱ्याचं ‘संपलं’. बुकीच्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत मडकं चाटूनपुसून साफ!

मुलांसाठी लिहिताना काही जण लापँला सज्जन करू पाहतात. कृपा करून नको. त्याची लबाडी काढली, तर उरेल काय? दुबळ्याने दांडग्याला चकवण्यातच या गोष्टींचा जीव आहे.

झाँ सो हा तिकडच्या गोष्टींतला वेडा पोरगा. आई म्हणते, ‘निघताना दार ओढून घे.’ हा दार उखडतो आणि ओढत ओढत सोबत नेतो!

केजन लोकांचे पूर्वज मूळचे कॅनडाच्या अकेडियातले. 1755 पासून इंग्रजांनी त्यांना तिथून हुसकावलं. दंतकथा म्हणते, त्यांच्या मायेपोटी समुद्रातले लॉबस्टरही मागोमाग निघाले आणि प्रवासात झिजून झिजून एवढेसे क्रॉफिश झाले.

फ्रेंचमधून सांगितल्या जाणाऱ्या या गोष्टींवर संकटही आलं. लुइझियानाच्या 1921 च्या राज्यघटनेने शाळेत इंग्रजीची सक्ती केली, फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली. नशीब, आल्से फोर्तिये यांनी 1895 मध्येच बऱ्याच कथा छापून ठेवल्या होत्या. पुढे बॅरी झाँ आन्सले यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून ऐकून त्या ध्वनिमुद्रित केल्या. जे. जे. रेनो यांचा केजन कथासंग्रह 1992 चा, तर शॅरन आर्म्स डुसे यांचं लापँच्या लांब कानांवरचं बालपुस्तक 1997 चं.

आणि रूगारू? माणसाचं धड, लांडग्याचं डोकं! हूमा गावात ऑक्टोबरमध्ये त्याच्या नावाने चक्क उत्सव भरतो. त्याला घराबाहेर ठेवायचा उपाय सोपा आहे: उंबऱ्यावर तेरा बारीक वस्तू मांडा. बिचाऱ्याला बारापर्यंतच मोजता येतं. तेराव्याला अडतो, पुन्हा एकपासून सुरू करतो, आणि मोजता मोजता उजाडतं.