खासगी वन : नाव आपले, मर्जी कायद्याची

आपल्यापैकी अनेकांची वडिलोपार्जित जमीन सत्तरी, सांगे, काणकोणात किंवा सीमेपलीकडे सावंतवाडी-दोडामार्गात आहे. वारस शहरांत विखुरले, जमिनीला कोणाचा हात लागला नाही आणि तिथे ऐन, किंदळ वाढून दाट रान झाले. वाटणीच्या वेळी मग कळते, की एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव आपले असले तरी ती जमीन 'खासगी वन' आहे.

याचे मूळ १९८०च्या वन संवर्धन कायद्यात आहे. वनजमिनीचा वनेतर वापर करायचा तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. हा नियम सरकारी जंगलापुरताच आहे, असा समज होता. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मोडला. मालक कोणीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन ते वनच, असे न्यायालयाने सांगितले.

गोव्यात अशी जमीन ओळखण्याचे तीन निकष आहेत. ७५ टक्के झाडे वनप्रजातींची हवीत. झाडांच्या छत्राची घनता किमान ०.४ हवी. शिवाय जमीन सरकारी जंगलाला लागून हवी. सुटी असेल तर किमान ५ हेक्टर. म्हणूनच नारळ-पोफळीचे कुळागर आणि किंदळाचे रान यांत फरक पडतो. सावंत आणि करापूरकर समित्यांनी अशा जमिनी शोधल्या. हे निकष सैल करून अधिक जमीन वनात धरावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये मान्य केली नाही.

खासगी वन ठरले म्हणून गोव्यात मालकी जात नाही. पण घरबांधणी, प्लॉट किंवा चिरेखाण यांचा मार्ग केंद्राच्या परवानगीतून जातो. जमीन वन नसली तरी झाड तोडण्यापूर्वी १९८४च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागतेच.

महाराष्ट्रात गोष्ट निराळी. तिथे खासगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ रोजी, काही अपवाद वगळता, मालकीच सरकारकडे गेली. मात्र जुनी नोटीस नुसती निघाली, मालकाला बजावलीच नाही, तर तेवढ्यावरून जमीन वन ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गोदरेज प्रकरणात दिला.

ज्याने रान राखले तो अडकला आणि ज्याने आधीच तोडले तो सुटला, ही जमीनमालकांची तक्रार खोटी नाही. पण डोंगरावरचे रान गेले की खालच्या वाड्यांच्या झरी आटतात, हेही आपण जाणतो. राखणाऱ्याला मोबदला मिळावा, ही मागणी म्हणूनच रास्त आहे.

तोवर एवढे करावे : वाटणी, विक्री किंवा विसार घेण्याआधी सर्व्हे क्रमांक खासगी वनांच्या यादीत आहे का, हे वन खात्यात लेखी विचारावे. यादीत चुकून आला असेल, तर वरच्या तीन निकषांवर बोट ठेवून हरकत घ्यावी आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. उत्तर येईपर्यंत झाडाला कोयता लावू नये.