शेततळ्यात चुना टाकण्याआधी पीएच मीटर तपासा. चुकीचा आकडा माशांच्या जिवावर

शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडणाऱ्या अनेक शेतकऱ्यांच्या खिशात आता पेनासारखा पीएच मीटर असतो. काही शे रुपयांत मिळतो, पाण्यात बुडवला की आकडा येतो. त्याच आकड्यावर विसंबून तळ्यात चुना पडतो. पण आकडा खरा आहे का, हे बहुतेक वेळा कुणी पाहतच नाही.

समजा, पाण्याचा पीएच 8 आहे आणि बिघडलेला मीटर 6.5 दाखवतोय. आम्लता कमी करायला चुना टाकला की पीएच 9 कडे सरकतो. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांमुळे पाण्यात अमोनिया तयार होतच असतो. पाणी 25 अंश सेल्सिअस असेल, तर पीएच 7 ला त्या अमोनियातला शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो. पीएच 8 ला पाचेक भाग विषारी असतात, पीएच 9 ला तब्बल छत्तीसच्या आसपास. पाणी तापलं की हे प्रमाण आणखी वाढतं. म्हणूनच पीएच मीटरसोबत थर्मामीटरही भरवशाचा हवा.

घेताना काय पाहाल?

पडद्यावर 7.42 असे दोन दशांश दिसतात म्हणून मीटर तेवढा अचूक, असं समजू नका. खोक्यावर ‘अॅक्युरसी’समोर काय लिहिलंय ते वाचा. अधिक-उणे 0.1 असेल तर तळ्यासाठी पुरेसं आहे. मीटर दोन आकड्यांवर जुळवता येतो का, तेही विचारा. माशांचं पाणी साधारण 6.5 ते 9 च्या दरम्यान असतं, त्यामुळे 6.86 आणि 9.18 या दोन्ही बफर पावडरी लागतात. सोबत फक्त 4.01 आणि 6.86 च्या पुड्या असतील, तर 9.18 ची वेगळी मागून घ्या.

थर्मामीटर 0 ते 50 अंशांचा घ्यावा, लाल द्रवाचा किंवा डिजिटल. ताप मोजायचा थर्मामीटर इथं चालत नाही, त्याची पट्टी साधारण 35 ते 42 अंशांचीच असते. पाऱ्याचा तर नकोच. फुटला तर पारा थेट तळ्यात जातो.

घरच्या घरी तपासणी

थर्मामीटरसाठी पेलाभर बर्फाचा चुरा घ्या, थोडं पाणी घालून ढवळा आणि टोक त्यात तीन-चार मिनिटं धरा. आकडा 0 च्या जवळ आला पाहिजे. अर्ध्या अंशाचा फरक चालेल, दोन-तीन अंशांचा असेल तर थर्मामीटर बदला.

पीएच मीटरसाठी पुडीवर लिहिलेल्या मापानं डिस्टिल्ड वॉटरमध्ये पावडर विरघळवा. बोअरचं पाणी वापरू नका. मीटर आधी 6.86 वर जुळवा, मग 9.18 वर. मधे टोक डिस्टिल्ड वॉटरनं धुऊन हलकेच टिपून घ्या. जुळवूनही आकडा स्थिर राहत नसेल, तर टोक संपलं असं समजा. ते कायम टिकत नाही, साधारण वर्ष-दोन वर्षांत बदलावं लागतं.

टोकाचा काचेचा फुगा कोरडा पडू देऊ नये. टोपणात साठवणीच्या द्रावणाचे थेंब ठेवा. त्याजागी डिस्टिल्ड वॉटर भरून ठेवलं तर टोक लवकर खराब होतं.

मोजायचं कधी?

पहाटे पीएच सर्वांत कमी असतो. दिवसा शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे दुपारी तीन-चारच्या सुमारास तो चढतो. दोन्ही वेळा, एकाच जागी, वरचं तापलेलं पाणी सोडून हातभर खोलीवर मोजा आणि वहीत लिहा. एकाच वेळेचा आकडा बघून चुना टाकणं धोक्याचं आहे.

मीटरचा आकडा अचानक बदललेला दिसला, तर आधी बफरमध्ये मीटर तपासा. पीएच पट्टीनं पडताळा करा. दोन्हींचं उत्तर जुळलं, तरच चुन्याच्या गोणीला हात लावा. शंका राहिली तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावं. चुना उद्याही टाकता येतो, मेलेले मासे परत येत नाहीत.