समुद्रांतील एकत्र कुटुंब

आमच्या जालन्याच्या मुलांस मोठें पाणी म्हणजे घाणेवाडीचा तलाव. समुद्र पाहिलेले विद्यार्थी वर्गांत थोडेच. तरीहि समुद्रांतील एका प्राण्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे. कारण त्याची राहणी वाचून कित्येकांस आपलेंच घर आठवेल.

हा प्राणी ऑर्का. इंग्रजी पुस्तकांत त्यास 'किलर व्हेल', म्हणजे मारक देवमासा, म्हणतात. वस्तुतः तो डॉल्फिनांच्या कुळांतील सर्वांत मोठा प्राणी होय. पाठ काळी, पोट पांढरें, आणि वाढलेल्या नराच्या पाठीवरील पर सहा फुटांपर्यंत उंच. निरनिराळ्या समुद्रांतील ऑर्कांचें खाणें व राहणें निरनिराळें आहे. त्यांपैकीं कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत साल्मन मासे खाऊन राहणाऱ्यांचीच हकीकत येथें सांगावयाची आहे. १९७३ च्या सुमारास मायकेल बिग ह्या शास्त्रज्ञानें पराच्या छायाचित्रावरून एकेक ऑर्का ओळखण्याची रीत पाडली. तेव्हांपासून ह्या घराण्यांची वंशावळ भाटाच्या वहीप्रमाणें लिहिली जात आहे.

आमच्या माळरानावरचा लांडगाहि कळपानें राहतो. पण त्याचीं पिल्लें मोठीं झालीं कीं बहुधा आईबापांस सोडून जातात. ह्या ऑर्कांत मुलगी आईस सोडीत नाहीं, आणि मुलगाहि सोडीत नाहीं! सोयरीक परक्या घराण्यांत होते खरी, परंतु नर पुन्हां आपल्या आईजवळ परततो व पिल्लें त्यांच्या आईच्या घरीं वाढतात. तीस वर्षांवरील नराची आई वारली, तर पुढील वर्षांत त्याच्या मरणाचा संभव सुमारें चौदा पटींनीं वाढतो, असें हिशेबावरून आढळलें आहे. एवढा थोरला गडी, पण आईवांचून त्याचें चालत नाहीं.

आजीचा मान तर त्याहून मोठा. चाळिशीच्या सुमारास मादीस पिल्लें होणें थांबतें. तरी ती पुढें कित्येक वर्षें जगते. सस्तन प्राण्यांत ही गोष्ट फार विरळा. ज्या वर्षीं साल्मन कमी, त्या वर्षीं ह्या वृद्ध माद्या विशेषेंकरून पुढें चालतात व कुटुंब मागें येतें. १९७२ च्या दुष्काळांत कोणत्या आडाला पाणी टिकलें, हें घरांतील म्हाताऱ्या माणसांसच ठाऊक असावें, तशांतलाच हा प्रकार. आजी गेली कीं नातवंडांचें जगणेंहि अवघड होतें.

अशा घरांतून १९६० नंतरच्या दहापंधरा वर्षांत पुष्कळ पिल्लें जाळीं लावून पकडलीं गेलीं व करमणुकीच्या तलावांत नेऊन ठेविलीं. दक्षिणेकडील तीन घराण्यांत मिळून आज पाऊणशेंच्या आसपास ऑर्का उरले आहेत. त्यांतील एका मादीनें २०१८ सालीं आपलें मेलेलें पिल्लूं सतरा दिवस पाण्यावर तोलून धरलें होतें.

प्रत्येक घराण्याची बोलीहि वेगळी असते, आणि पिल्लें ती घरींच शिकतात. २००२ सालीं सिअ‍ॅटल शहराजवळ एक पोरकें पिल्लूं एकटेंच फिरतांना आढळलें. तें कोणाचें? त्याचे आवाज ऐकून जाणत्यांनीं तें उत्तरेकडील घराण्याचें असल्याचें ओळखलें. त्याच वर्षीं जुलईंत त्यास जहाजांतून उत्तरेस नेऊन सोडण्यांत आलें. आई नव्हती, पण नातलगांनीं त्यास आपल्यांत घेतलें. तें मादी पिल्लूं होतें. २०१३ सालीं तिच्या शेजारीं तिचें स्वतःचें पिल्लूं पोहतांना दिसलें.