दप्तराची मांडणी व पडद्यावरील शोध

पानिपतच्या संग्रामाच्या वर्षांतील एखाद्या अस्सल पत्रावर कालाचा निर्देश "सन इहिदे सितैन मया व अलफ" असा आढळतो. एक, साठ, शंभर व हजार या अर्थाचे हे अरबी शब्द एकत्र मिळविले म्हणजे सुहूर सन ११६१ निघतो. त्यांत ५९९ मिळवावे म्हणजे इ. स. १७६० येतो, आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंतच्या महिन्यांकरितां ६०० मिळवावे म्हणजे १७६१ येतो. मोडी कागद चाळणारास हा हिशेब तोंडपाठ असतो. आतां अशी कल्पना करावी कीं, या पत्राचें छायाचित्र घेऊन तें संगणकांत ठेविलें आहे, नोंद करणारानें पत्रांतील सन जसाच्या तसा उतरून घेतला आहे, आणि दूरच्या गांवीं बसलेला कोणी अभ्यासक पडद्यावरील चौकटींत "१७६१" हा आंकडा घालून शोध करीत आहे. यंत्र त्यास सांगतें कीं, असा कागद नाहीं. कागद तर आहे. त्यास वाळवी लागली नाहीं, तो रद्दींत गेला नाहीं, त्याचीं अक्षरेंहि पुसलीं नाहींत. तथापि त्या अभ्यासकापुरता तो नष्ट झाल्यासारखाच आहे.

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या संग्रहीं पोथ्या, बाडें व मोडी कागद आहेत, आणि त्यांचीं छायाचित्रें करून तीं संगणकावर चढविण्याचा उद्योग अनेकांनीं आरंभिला आहे. या उद्योगांत छायाचित्रणाची चिंता फार केली जाते. प्रकाश किती, सुस्पष्टता किती, याचा खल होतो. कागद सांपडावा कसा, याचा विचार मात्र शेवटीं, पैसा संपत आल्यावर, होतो. हा विचार करणारें एक स्वतंत्र शास्त्र आज उभें राहिलें आहे. इंग्रजींत त्यास "इन्फर्मेशन आर्किटेक्चर" म्हणतात. आपण त्यास माहितीची रचना म्हणूं. १९७६ सालीं अमेरिकेंतील वास्तुशिल्पज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेचें अधिवेशन फिलाडेल्फिया येथें भरलें, तेव्हां रिचर्ड सॉल वुर्मन या वास्तुशिल्पज्ञानें अधिवेशनाचा विषयच माहितीचें वास्तुशिल्प असा ठेविला. पुढें १९९८ सालीं लुई रोझेनफेल्ड व पीटर मॉर्व्हिल या दोघांनीं आंतरजालावरील संकेतस्थळांना हा विचार लावून ग्रंथ लिहिला. हे दोघेहि ग्रंथालयशास्त्रांत तयार झालेले होते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वस्तूंचे गट कसे पाडावे, गटांस नांवें काय द्यावीं, एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्याच्या वाटा कशा ठेवाव्या, आणि थेट शोध घेणारास काय हातीं द्यावें, हीं या रचनेचीं चार अंगें त्यांनीं मानिलीं आहेत. पडद्यावरील रंग, अक्षरांचें वळण, कळींचा आकार हें सर्व या रचनेवरचें लेपण होय. भिंतच चुकीच्या जागीं असली तर रंगानें घर राहण्याजोगें होत नाहीं.

नांव नवें असलें तरी वस्तु आपणांस अपरिचित नाहीं. ऋग्वेदसंहितेचें उदाहरण घ्यावें. तिची विभागणी दोन प्रकारांनीं झालेली आहे. मंडल, अनुवाक व सूक्त ही एक. अष्टक, अध्याय व वर्ग ही दुसरी. पहिलींत दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतचीं मंडलें गृत्समद, विश्वामित्र, वामदेव, अत्रि, भरद्वाज व वसिष्ठ या ऋषिकुलांचीं आहेत आणि नववें सोमाचें आहे. म्हणजे ही विभागणी वस्तूच्या उगमावरून व विषयावरून आहे. दुसरींत आठ अष्टकें, प्रत्येकांत आठ अध्याय, अध्यायांत सुमारें एकतीस वर्ग आणि वर्गांत साधारणपणें पांच ऋचा आहेत. पाठ घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या सोयीचे हे जवळजवळ सारखे घांस होत. पहिलें अष्टक पहिल्या मंडलाच्या मध्येंच संपतें, याची पाठकास अडचण वाटत नाहीं, कारण तो दुसऱ्याच कामासाठीं तेथें आलेला असतो. यांवर कात्यायनाची सर्वानुक्रमणी. तींत प्रत्येक सूक्ताचें प्रतीक, ऋक्संख्या, ऋषि, देवता व छंद हीं दिलीं असल्यामुळें एकाच सूक्ताकडे निरनिराळ्या दारांनीं जातां येतें. संहितेचें एक अक्षरहि न हलवितां हें साधलें आहे.

पोथीच्या पानाचीहि गोष्ट अशीच. पत्रांक पाठीमागच्या बाजूस समासांत घातलेला असतो. पुष्कळ पोथ्यांत एका समासाच्या वरच्या अंगास ग्रंथनामाचा संक्षेप व अंक आणि दुसऱ्याच्या खालच्या अंगास पुनः अंक असतो. पोथी सुटी असते, दोरा निघाला कीं पानें विस्कटतात, आणि दोन पोथ्यांचीं पानें एकमेकांत मिसळलीं तर वेगळीं करण्यास हा संक्षेपच उपयोगीं पडतो. पुष्पिका हिंगुळानें किंवा गेरूनें रंगविण्यांत शोभा असेल, परंतु पानें भराभर उलटणाराच्या दृष्टीस अध्यायाचा शेवट चटकन् पडावा हा उपयोग तिच्या शोभेहून मोठा आहे. पोथीची छायाचित्रें घेतांना समास कापून मध्यला मजकूर तेवढा "स्वच्छ" घेणारे लोक मीं पाहिले आहेत. त्यांनीं पोथीची वाट दाखविणारी पाटीच उपटून टाकिली असें म्हणावें लागतें.

पण या विषयाचा खरा वस्तुपाठ पुण्याच्या पेशवे दप्तरांत आहे. त्यांतील रोजकीर्दी दिवसाच्या क्रमानें चालतात. त्या दिवशीं जी आज्ञा निघाली, जी रक्कम आली वा गेली, तिची नोंद त्या दिवसाखालीं. कारकुनास ही पद्धत सोपी. जें घडलें तें लिहीत जावें. परंतु सहा वर्षांनीं एखाद्या देवस्थानाच्या इनामाचा तंटा उभा राहिला म्हणजे केवळ दिवसांच्या क्रमानें लावलेल्या बाडांत तो शोधावयाचा कसा? त्यासाठीं घडणी. तींत प्रकरणवार कागद एकत्र केलेले असतात. प्रांतांच्या आकाराचे व हिशेबाचे कागद पाहिजे असतील तर प्रांत अजमास निराळा. शाहू दफ्तर, पागा, आंग्रे दफ्तर असे आणखीहि विभाग आहेत. म्हणजे राज्याचा कारभार चालविणाऱ्यांनीं एकाच व्यवहारास कालाचें एक दार व विषयाचें दुसरें दार ठेविलें होतें. हें इतिहासकारांसाठीं नव्हतें. फडावर बसलेल्या माणसास सायंकाळपूर्वीं उत्तर देणें भाग होतें, त्यानें हें शहाणपण शिकविलें. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३३ सालीं या दप्तराची इंग्रजी मार्गदर्शिका तयार केली, तीहि याच विभागांना धरून. कारण मूळची रचना समजल्यावांचून या अरण्यांत कोणाचेंहि पाऊल पडत नाहीं.

सरदेसायांच्याच संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या अवधींत निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले, ते प्रकरणवार आहेत. अभ्यासकांवर या खंडांचे उपकार फार मोठे. तथापि पानिपतचा अभ्यास करणारा केवळ दुसऱ्या खंडावर थांबला तर फसतो, कारण त्या प्रसंगाशीं निगडित पत्रें एकविसाव्या व सत्ताविसाव्या खंडांतहि आहेत. हा संपादकाचा आळस नव्हे. पत्र एक असतें आणि विषय चार असतात. छापील ग्रंथांत त्यास एकाच जागीं बसावें लागतें. शिवाय निवडलेलें पत्र रुमालांतून निघालें म्हणजे त्याच्या शेजारचे कागद वाचकाच्या दृष्टीआड होतात. ज्या खात्यांतून कागद आले त्या खात्याचा समूह फोडूं नये, असा नियम फ्रान्समध्यें १८४१ सालीं सरकारी परिपत्रकानें घातला गेला, तो याच अनर्थाच्या भीतीनें. आपल्याकडे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत असलेल्या सरकारी हस्तलिखितसंग्रहाचे क्रमांकहि संग्रहाच्या वर्षावरून आहेत. अमुक क्रमांक, सन १८८३-८४ चा, असा निर्देश करावयाचा. बूलर, कीलहॉर्न, भांडारकर, पीटर्सन यांनीं ज्या ज्या वर्षीं पोथ्या मिळविल्या त्याची खूण क्रमांकांतच राहिली. वर्णनात्मक सूची मात्र विषयवार छापली. वस्तु उगमाच्या क्रमानें ठेवावी आणि वाटा विषयांच्या कराव्या, ही तोड मला सर्वांत निर्दोष वाटते.

वाटा किती कराव्या, याचें उत्तर मद्रासेकडील एका गणिताच्या अध्यापकानें दिलें. शियाळी रामामृत रंगनाथन् हे १९२४ सालीं मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. लंडनमध्यें एका दुकानांत मुलांचें खेळणें त्यांच्या दृष्टीस पडलें. त्याच त्या पट्ट्या व खिळे निराळ्या रीतीनें जोडून निराळीं यंत्रें होत. त्यावरून त्यांना सुचलें कीं, ज्ञानाच्या शाखा आधींच ठरवून प्रत्येक ग्रंथ एका फांदीवर टांगण्यापेक्षां, ग्रंथाचे पैलू वेगळे काढून ते जोडावे. १९३३ सालीं त्यांची द्विबिंदु वर्गीकरणपद्धति प्रसिद्ध झाली. मुख्य वस्तु, द्रव्य, क्रिया, स्थळ व काळ हे त्यांचे पांच पैलू. आज पडद्यावर एखादी सूची पाहतांना कडेस "काळ", "स्थळ", "प्रकार" अशा निवडी दिसतात व त्या एकामागून एक लावून संख्या कमी करतां येते. तिच्या मुळाशीं हाच विचार आहे. छापील खंडास जें अशक्य होतें तें यंत्रास सहज साध्य आहे. एकच पत्र पानिपत, वऱ्हाड, सावकारी व अमुक घराणें या चारहि वाटांवर उभें राहूं शकतें, आणि तरीहि आपल्या रुमालांतील जागा सोडीत नाहीं.

अट एवढीच कीं, पैलू कोणी तरी डोळसपणें भरले पाहिजेत. येथें आपल्या कागदांच्या अडचणी विशेष आहेत. मोडींत इकार-उकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद बहुधा नसतो, शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं. त्यामुळें दोन लिप्यंतरकारांनीं एकच गांव दोन तऱ्हांनीं लिहिलें तर यंत्र त्यांस दोन गांवें समजतें. बाळाजी बाजीराव, नानासाहेब व नुसते पंतप्रधान हे एकच कीं निरनिराळे, हें यंत्रास ठाऊक नाहीं. म्हणून नोंदींत दोन रकाने राखावे: एकांत कागदावर आहे तसें, दुसऱ्यांत ठरविलेलें एकच रूप. सनाचेंहि तसेंच, सुहूर, फसली, हिजरी वा शक जो असेल तो मूळ रूपानें, आणि शेजारीं इसवी सन. आरंभीं सांगितलेल्या अभ्यासकाचें सर्व दुःख या एका रकान्यानें निवारण झालें असतें.

विभागांचीं नांवें ठरवितांना संपादकमंडळानें आपसांत वाद घालण्यापेक्षां एक साधा प्रयोग करावा. पन्नास-साठ कागदांचें वर्णन एकेका चिठ्ठीवर लिहून त्या चिठ्ठ्या संग्रह वापरणाऱ्या दहाबारा माणसांस निरनिराळ्या द्याव्या आणि त्यांचे गट पाडून गटांस नांवें देण्यास सांगावें. त्यांत केवळ इतिहासज्ञ नसावे. दप्तरांत वंशावळ शोधणारे, वतनाचा पुरावा पाहणारे लोक पूर्वींपासून येत आले आहेत. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें कुणबी नोंदींच्या शोधार्थ न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली, तेव्हां मोडी व उर्दू कागदांत आपल्या पणजोबांचें नांव सांपडेल काय, हा प्रश्न कितीतरी घरांचा झाला. असा मनुष्य "प्रकीर्ण" या विभागांत कशाला जाईल? त्यास आपलें गांव व आपलें आडनांव एवढेंच ठाऊक असतें. "प्रकीर्ण" हें नांव, माझ्या मतें, सूचिकारानें हात टेकल्याची कबुली होय. विभाग सातांहून अधिक नसावे, असा एक नियम जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या निबंधाच्या आधारें सांगण्यांत येतो. पण तो निबंध क्षणिक स्मरणाविषयीं आहे, आणि पडद्यावरील यादी डोळ्यांपुढेंच असते, ती स्मरावी लागत नाहीं.

स्वतःचा एक अनुभव सांगतों. एका संस्थेच्या संकेतस्थळावर मला एक पत्र मिळालें. त्यांत "याद अलाहिदा पाठविली आहे" असें वाक्य होतें. पत्रांत सारा आशय त्या यादीवर सोपविलेला. याद मिळाल्यावांचून पत्र निरर्थक. पत्र "राजकीय" या सदरांत होतें. त्या सदरांतील यादी मीं एकूणएक पाहिल्या. लेखकाच्या नांवानें, गांवाच्या नांवानें शोध केला. दोन महिने गेले. अखेर छायाचित्राच्या नांवांतील अनुक्रमांकाकडे लक्ष गेलें. छायाचित्र घेणाऱ्या इसमानें, कोणी सांगितलें म्हणून नव्हे तर सवयीनें, रुमाल उलगडीत जातांना ओळीनें आंकडे घातले होते. पुढचा आंकडा चौकटींत घातला, तों ती याद समोर आली. ती "जमाखर्च" या सदरांत होती, कारण तींत रकमा होत्या. दोन्ही कागदांच्या घड्या एकमेकींत बसतात, इतके ते एकत्र राहिलेले होते. मीं त्या संस्थेस कळविलें कीं, सदरें आहेत तशीं असूं द्यावीं. प्रत्येक छायाचित्राखालीं रुमालांतील "मागील कागद" व "पुढील कागद" अशा दोन कळी मात्र बसवाव्या, आणि रुमालावरील मूळ चिठ्ठीचेंहि एक छायाचित्र आरंभीं ठेवावें. कळी बसल्या. चिठ्ठ्यांचें काम रुमाल पुनः सोडावे लागत असल्यामुळें अद्याप चालू आहे.