नादांतरे (लेखांक ९) : गिटार गेली कुठे?

गेल्या आठवड्यात आपण १९६५ च्या न्यूपोर्ट महोत्सवात होतो. बॉब डिलनने इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली आणि लोकसंगीताचे श्रोते बिथरले. आजची गोष्ट बरोब्बर उलटी आहे. पस्तीस वर्षांनी एका इंग्लिश बँडने तीच गिटार खाली ठेवली आणि रॉकचे श्रोते बिथरले. बँडचं नाव रेडिओहेड, अल्बमचं नाव ‘किड ए’.

ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डनमध्ये एकाच शाळेत शिकणारी ही पाच मुलं १९८५ च्या सुमारास एकत्र आली. तालीम शुक्रवारी व्हायची, म्हणून बँडचं पहिलं नाव ‘ऑन अ फ्रायडे’. १९९१ मध्ये ईएमआय कंपनीशी करार झाला आणि नाव बदललं. पाचांपैकी तिघे गिटारवाले : गायक थॉम यॉर्क, जॉनी ग्रीनवूड आणि एड ओब्रायन. बेसवर जॉनीचा थोरला भाऊ कॉलिन, ड्रम्सवर फिल सेल्वे. तीन गिटारी हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं भांडण त्याच्याभोवती आहे.

१९९२ च्या ‘क्रीप’ने त्यांना जगभर पोचवलं. कडवं दबक्या आवाजात चालतं, ध्रुवपद यायच्या आधी जॉनी गिटारच्या तारांवर खाडखाड आघात करतो आणि गाणं फुटतं. पुढे ही फर्माईश इतकी मानगुटीवर बसली की बँडने काही वर्षं ते गाणं वाजवणंच टाळलं. ‘द बेंड्स’ (१९९५) आणि ‘ओके कॉम्प्युटर’ (१९९७) या अल्बमांनी त्यांना थेट शिखरावर नेलं. पण ‘ओके कॉम्प्युटर’च्या लांबलचक दौऱ्याने यॉर्क पार पिचून गेला. गाणी सुचेनात, स्वतःचाच आवाज नकोसा झाला. त्याच काळात त्याने ‘वॉर्प’ या ब्रिटिश कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डींचा ढीग विकत घेतला. अॅफेक्स ट्विन, ऑटेकर यांच्या त्या संगीतात गायक जवळपास नसतोच. असतो तो ठेका आणि ध्वनीचा पोत.

जानेवारी १९९९ मध्ये पॅरिसला ध्वनिमुद्रण सुरू झालं. तिथून कोपनहेगन, मग ग्लॉस्टरशर, मग ऑक्सफर्डशरमधला स्वतःचा स्टुडिओ. वर्ष उलटलं तरी घोडं अडलेलंच. अडचण साधी होती : गाण्याला गिटारच नको असेल तर तीन गिटारवाल्यांनी करायचं काय? ओब्रायनला छोटी, सुरेल, गिटारची गाणी हवी होती. गोष्ट बँड मोडण्यापर्यंत गेली. शेवटी निर्माता नायजेल गॉड्रिचने एक तोडगा काढला. बँडचे दोन गट पाडायचे. एकाने गिटार आणि ड्रम्स न वापरता नुसते ध्वनी निर्माण करायचे, दुसऱ्याने त्यांवर संगणकाने संस्कार करायचे. त्यातून अल्बमभर पुरेल असा ऐवज निघाला नाही, पण कोणी काय वाजवायचं याची वर्षानुवर्षांची वाटणी मोडली.

‘किड ए’चं पहिलंच गाणं, ‘एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस’, घ्या. प्रॉफेट-५ या सिंथेसायझरवर काही मोजके कॉर्ड्स गोल गोल फिरतात. आवर्तन दहा मात्रांचं. आपल्याकडे झपताल असतो तेवढंच, पण इथे टाळी-खाली शोधू नका. ड्रम किट नाही, गिटार नाही. यॉर्कचा आवाज आधी तुकड्यातुकड्यांत, उलटसुलट कापलेला येतो, मग सरळ गातो. ध्रुवपदाचा तो ‘क्रीप’सारखा स्फोट कधी होतच नाही.

‘इडिओटेक’ची जन्मकथा याहून मजेदार. जॉनीने मॉड्युलर सिंथेसायझरवर जवळपास पन्नास मिनिटं नाना आवाज मुद्रित केले आणि ती टेप यॉर्कच्या हवाली केली. त्यातले काही सेकंद यॉर्कला भावले. तो होता, जॉनीने टेपमध्ये मिसळलेला, पॉल लान्स्की या अमेरिकन संगीतकाराच्या १९७३ सालच्या, आयबीएमच्या अवाढव्य संगणकावर रचलेल्या कृतीचा अंश. चार कॉर्ड्स. तेवढ्यावर अख्खं गाणं उभं राहिलं आणि गाण्याच्या रचनाकारांत लान्स्कीचंही नाव लागलं.

ऑक्टोबर २००० मध्ये अल्बम आला. एकही सिंगल नाही, नेहमीच्या पठडीतला व्हिडिओ नाही. तरीही ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे तो पहिल्या क्रमांकावर पोचला. श्रोते मात्र दुभंगले. लंडनच्या ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाने पाचपैकी दीड तारा दिला. ‘न्यू यॉर्कर’मध्ये कादंबरीकार निक हॉर्न्बीने लिहिलं, त्याचा आशय असा की हा अल्बम ऐकायला लागणारी चिकाटी नोकरीधंद्याला लागलेल्या माणसाकडे उरत नाही. उलट ‘पिचफोर्क’ने दहापैकी दहा गुण दिले आणि दशक संपताना ‘रोलिंग स्टोन’नेही याच अल्बमला दशकातला सर्वोत्तम ठरवलं.

कोण बरोबर? माझ्या मते दोन्ही बाजूंनी जरा जास्तच ताणलं. ‘यात माणूस उरला नाही’ ही नाराजांची तक्रार ‘हाउ टू डिसअपिअर कम्प्लीटली’पाशी टिकत नाही. तिथे साधी अकूस्टिक गिटार आहे, यॉर्कचा उघडा गळा आहे आणि ऑक्सफर्डजवळच्या डॉर्चेस्टर अॅबी या मध्ययुगीन चर्चमध्ये मुद्रित केलेला खराखुरा वाद्यवृंद आहे. त्यात मिसळतो तो माणसाच्या गळ्यासारखा थरथरणारा आवाज ओंद मार्तनोचा. हे फ्रेंच विद्युत्‌वाद्य १९२८ पासूनचं, मेसियांसारख्या संगीतकाराने ते वापरलं होतं. इथे ते जॉनी वाजवतो. हॉर्न्बीची तक्रार मात्र मला रास्त वाटते. श्रोत्याने कष्ट करावेत ही अपेक्षा बँडने ठेवली होती आणि ती नाकारण्याचा हक्क श्रोत्याला आहेच.

चाहत्यांचा ‘असं कधी झालंच नव्हतं’ हा दावाही फोल आहे. ठेका वॉर्पच्या रेकॉर्डींतून आला, ‘द नॅशनल अँथम’मधल्या ब्रासच्या गदारोळामागे जाझवाला चार्ल्स मिंगस आहे, ‘इडिओटेक’चे कॉर्ड्स तर तोवर सत्तावीस वर्षं जुने होते. रेडिओहेडने यातलं काहीच शोधून काढलेलं नाही. आडवाटेवरचं हे सगळं त्यांनी ‘क्रीप’च्या लाखो श्रोत्यांच्या कानापर्यंत नेलं आणि त्यासाठी हातातली हुकमी लोकप्रियता पणाला लावली. त्यांचं खरं कर्तृत्व एवढंच आहे, आणि ते लहान नाही.

वाद तिथे संपला नाही. त्याच ध्वनिमुद्रणांतून २००१ मध्ये ‘अम्नीझिअॅक’ निघाला. २००७ च्या ‘इन रेनबोज’मध्ये गिटार आणि यंत्र गुण्यागोविंदाने नांदू लागली, तेव्हा दोन्ही गट थोडे निवळले. २०११ चा ‘द किंग ऑफ लिंब्ज’, आठ गाण्यांचा आणि अवघ्या सदतीस मिनिटांचा, ठेक्यांच्या आवर्तनांवर उभा राहिला आणि पुन्हा दोन तट पडले. जॉनी २०१५ मध्ये जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात संगीतकार शाय बेन त्सूर आणि राजस्थानी कलाकारांबरोबर ‘जुनून’ हा अल्बम करत होता, तेव्हा त्याच्या हाती गिटार होती. पण पुढे मिरवणारी नव्हे, मेळ्यात मिसळलेली.

या आठवड्याचा गृहपाठ : ‘क्रीप’, ‘एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस’ आणि ‘इन रेनबोज’मधलं ‘वियर्ड फिशेस’ ही तीन गाणी याच क्रमाने, हेडफोन लावून ऐका. दुसरं नाही आवडलं तर बिनदिक्कत तसं म्हणा. फक्त ते एकदा नव्हे, दोनदा ऐकून मग म्हणा.